स्मिथ म्हणजे फक्त लोहार नव्हे

प्रश्न असा आला आहे: ‘स्मिथ’चा अर्थ लोहार, तर मग ‘गोल्डस्मिथ’ हा सोनार कसा? आणि इंग्रजांत हे आडनाव एवढं का बोकाळलं?

पहिल्या भागाचं उत्तर शब्दाच्या जुन्या अर्थात आहे. जुन्या इंग्रजीत स्मिथ म्हणजे घडवणारा कारागीर, मुख्यतः धातूचा. आइसलँडिक भाषेत तर याच शब्दाच्या भावंडापासून झालेला ‘ट्रेस्मिदुर’ म्हणजे चक्क सुतार! म्हणून गोल्डस्मिथ सोनार, अ‍ॅरोस्मिथ बाणांची टोकं घडवणारा आणि सिक्सस्मिथ विळे करणारा. या शेवटच्या नावातल्या ‘सिक्स’चा सहाशी काही संबंध नाही, तो ‘सिकल’चा अपभ्रंश आहे. नुसतं ‘स्मिथ’ म्हटलं की मात्र लोहारच समजायचा. ‘स्माइट’ म्हणजे ठोकणे, त्यावरून स्मिथ, अशी व्युत्पत्ती काही जण सांगतात. ऐकायला ती झकास वाटते, पण भाषाशास्त्राचा तिला आधार नाही.

आता एवढं का पसरलं ते पाहू. इंग्लंडमध्ये आडनावं साधारण बाराव्या ते चौदाव्या शतकात वंशपरंपरागत झाली. तेव्हा गावात बहुतेक सगळे शेतीवर राबणारे, त्यामुळे ‘शेतकरी’ म्हणून कोणाची वेगळी ओळख पटणार कशी? लोहार मात्र गावात एखाद-दुसराच. नांगराचा फाळ, घोड्याचे नाल, दाराच्या बिजागऱ्या, सगळं त्याच्या भट्टीवर. ‘लोहाराचा जॉन’ म्हटलं की काम भागायचं. हे इंग्रजांपुरतंच नाही. जर्मन श्मिट, फ्रेंच लफेव्र, इटालियन फेरारी, हंगेरियन कोवाच, अरबी हद्दाद ही सगळी लोहारांचीच आडनावं. अमेरिकेत गेलेल्या कित्येक श्मिटांनी पुढे स्मिथ लावलं. तिथल्या २०१० च्या जनगणनेत स्मिथ सुमारे २४ लाख होते आणि हे तिथलं पहिल्या क्रमांकाचं आडनाव ठरलं.

प्रसिद्ध स्मिथांमध्ये अर्थशास्त्राचे अ‍ॅडम स्मिथ सर्वांना ठाऊक असतात. मला त्यांच्याहून विल्यम स्मिथ यांचं काम जास्त भावतं. कालवे खोदताना उघडे पडणारे खडकांचे थर आणि त्यांतले जीवाश्म पाहत ते वर्षानुवर्षं हिंडले आणि १८१५ मध्ये त्यांनी इंग्लंड-वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा प्रसिद्ध केला. स्वतः लोहाराच्याच घरात जन्मलेल्या या माणसाची कदर लंडनच्या भूशास्त्र परिषदेने फार उशिरा, १८३१ मध्ये केली.

एका स्मिथची खूण आपल्याकडेही आहे. अजिंठ्याच्या १० क्रमांकाच्या लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ हे नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरलेली आहे. मद्रास फौजेतला हा अधिकारी शिकारीला आला होता. अक्षरं आज डोक्याच्या वर दिसतात, कारण तेव्हा लेण्यात मातीचा ढीग होता आणि तो त्यावर उभा होता. बोधिसत्त्वाच्या चित्रावर नाव कोरलेलं पाहून आजही संताप येतो.

‘स्मिथ’चंच ‘स्मायथ’ असंही एक रूप आहे. स्पेलिंग वेगळं असलं तरी मूळ तेच, त्यामुळे घराणं वरचढ किंवा जुनं ठरत नाही.