व्हायरल लोड वाढला म्हणजे औषध निकामी झालं का?

प्रश्न: माझा भाऊ दोन वर्षांपासून एचआयव्हीसाठी टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर एकत्र असलेली गोळी रोज घेतो. आधीचे रिपोर्ट चांगले होते, या वेळी व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) ४,२०० आला. तब्येत ठीक आहे. गोळी बदलून घ्यावी का?

उत्तर: घाई करू नका. एका रिपोर्टवरून उपचार फसला असं ठरवत नाहीत. आकडा १,००० च्या वर गेला की आधी गोळ्यांची नियमितता सुधारतात आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करतात.

एफाविरेन्झ, नेव्हिरापिन या जुन्या औषधांवर मात करायला विषाणूला एकच जनुकीय बदल पुरायचा. डोल्युटेग्राविरचं तसं नाही. त्यामुळे पहिला संशय गोळ्या चुकल्याचा किंवा औषध रक्तात पुरेसं न उतरल्याचा घ्यावा.

‘गोळ्या वेळेवर घेतोस ना?’ असं विचारलंत तर ‘हो’च ऐकायला मिळेल. ‘गेल्या चार दिवसांत किती राहिल्या?’ असं विचारा, न रागावता. डबीही मोजा: ३० गोळ्यांची डबी सुरू करून २० दिवस झाले आणि आत १५ शिल्लक असतील, तर ५ चुकल्या आहेत.

मग बाकीची औषधं पाहा. मॅग्नेशियम किंवा अ‍ॅल्युमिनियम असलेलं अँटासिड डोल्युटेग्राविरला आतड्यातच अडकवतं. म्हणून गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायची. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या जेवणासोबत असतील तर एकत्र चालतात, उपाशीपोटी मात्र तेच अंतर ठेवायचं. टीबीसाठी रिफॅम्पिसिन सुरू असेल तर रोजच्या गोळीनंतर १२ तासांनी डोल्युटेग्राविरची ५० मिलिग्रॅमची वेगळी गोळी लागते, आणि रिफॅम्पिसिन संपल्यावरही ती दोन आठवडे चालू ठेवतात. टीबीचे उपचार दुसरीकडे चालू असले की नेमकी हीच गोळी राहून जाते.

दुसरा रिपोर्टही १,००० च्या वर आला तर औषधरोधाची (विषाणू औषधाला दाद देईनासा झाला आहे का, याची) जनुकीय तपासणी करून घ्यावी. रक्त मात्र गोळ्या सुरू असतानाच द्यायचं. औषध थांबलं की काही आठवड्यांत मूळचा विषाणू पुन्हा वरचढ होतो, औषधाला दाद न देणारा बदललेला विषाणू पेशींमध्ये दडून राहतो आणि रिपोर्ट फसवा, स्वच्छ येतो. पूर्वी घेतलेल्या सगळ्या एचआयव्हीविरोधी औषधांची यादीही डॉक्टरांना द्या.

तोवर गोळी स्वतःहून बंद करू नये. हिपॅटायटिस बी असेल तर तोही याच गोळीने आटोक्यात असतो. ती अचानक थांबवली तर यकृताला मोठी इजा होऊ शकते. आणि लोड पुन्हा खाली येईपर्यंत कंडोम वापरायलाच हवा.