'काम करता का?' हा प्रश्न खोडून टाक

प्रिय बाळ,

धर्म आणि बायकांचं काम यावरची तुझी प्रश्नावली वाचली. 'आपण काम करता का?' हा पहिलाच प्रश्न आधी खोड. तुझ्याएवढी असताना मी हाच प्रश्न घेऊन निपाणीतल्या एका मुस्लिम गल्लीत गेले होते. मांडीवर सूप, सुपात जर्दा, बोटं विड्या वळतायत आणि बाई म्हणतेय, "न्हाई ओ, घरातच असतो मी." मी कागदावर 'नाही' लिहिलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

२००१ च्या जनगणनेत काम करणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण हिंदूंत २७.५ टक्के, मुस्लिमांत १४.१ आणि जैनांत ९.२ होतं. हे बघून 'धर्मानं अडवलं' असं लगेच लिहू नकोस. जैन स्त्रियांची साक्षरता तेव्हा ९०.६ टक्के, सगळ्यांत जास्त. चिकोडीकडच्या जैन शेतकऱ्याची सून पहाटे धारा काढते, तंबाखूचे शेंडे खुडते, आणि विचारलं तर 'घरचं बघते' म्हणते. दुसऱ्याच्या बांधावर रोजानं जाणं मात्र घराण्याला कमीपणाचं. मराठ्यांत, लिंगायतांतही हेच. 'कायकवे कैलास', म्हणजे श्रम हाच कैलास, म्हणणाऱ्या, शरण कवयित्री आयदक्की लक्कम्माची वचनं जपणाऱ्या लिंगायत घरांतही चार पैसे आले की सुनेची मजुरी आधी सुटते. याला मी धर्म म्हणणार नाही, प्रतिष्ठा म्हणेन.

धर्माचा भार खरा कुठं पडतो, ते त्या विडीवालीकडंच बघ. पडद्यामुळं तिचं काम थांबत नाही, ते घरात येतं. विड्या पोचवायला पोरगं जातं. ठेकेदारानं छाट म्हणून, म्हणजे खराब ठरवून, किती बाजूला काढल्या, हे तिला दिसत नाही. समोर उभं राहून भांडताही येत नाही. तंबाखूच्या वखारीत एकत्र बसणाऱ्या बायकांनी संघटना केली, संप केले. घरात एकटी बसलेली कुणाबरोबर करणार?

आणि सौंदत्ती विसरू नकोस. मुली देवाला सोडून देवदासी करायला १९८२ च्या कायद्यानं बंदी आली, पण त्याआधी यल्लम्माच्या नावानं कितीजणींचं आयुष्य ठरवून टाकलं गेलं. तिथं धर्मानं बाईला घरात कोंडलं नाही, बाहेर ढकललं.

तेव्हा विचार: सकाळी उठल्यापासून काय काय केलंत? माल द्यायला कोण गेलं? पैसे कुणाच्या हातात पडले? दुपारी भांडी झाल्यावर जा. ओसरीवर सासू असली तर आधी तिच्याशी बोल. उमेदीत तिनंही विड्या वळल्या असतील.

तुझी,
मावशी