बोटीला आणि ट्रेलरला एकच कार्पेट चालेल का?

प्रश्न असा आहे: १४ फुटी अ‍ॅल्युमिनियमची बोट, गळाने मासे धरायला वापरतात. डेकचं, म्हणजे बोटीत उभं राहायच्या फळ्यांवरचं कार्पेट विरलंय, बोट ज्यांवर टेकते त्या ट्रेलरच्या फळ्यांवरचंही गेलंय. एकच रोल आणून दोन्ही कामं उरकावीत का, कुठला गोंद वापरावा आणि नाशिकमध्ये हे कोण करून देईल?

एकाच रोलमध्ये उरकू नका. मी तेच केलं होतं आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर दोन्ही कामं पुन्हा काढावी लागली. डेकच्या कार्पेटला खालून रबरासारखा थर हवा आणि ते गोंदाने पक्कं चिकटवायचं. ट्रेलरच्या फळीवरच्या कार्पेटला तो थर नको आणि गोंदही नको. कारण साधं आहे. डेकवर पाणी वरून पडतं, ते खालच्या प्लायपर्यंत पोचू द्यायचं नाही. ट्रेलरची फळी मात्र बोट उतरवताना आणि चढवताना दर खेपेला धरणात बुडते. ती भिजणारच, प्रश्न फक्त किती लवकर वाळते एवढाच. थर असला की पाणी फळी आणि थर यांच्या मधे अडकतं, वरून बोट उभी, ऊन लागत नाही. माझ्या फळ्या वरून नव्या दिसायच्या. एकदा खालून सहज अंगठा दाबला तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा आत गेला.

आता डेक. आधी पेट्रोलची टाकी आणि बॅटरी बोटीतून पूर्ण बाहेर काढा, कारण पुढे हीट गन लागणार आहे. खुर्च्या, झाकणं, बिजागऱ्या सोडवण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि कुठला स्क्रू कुठला ते पुड्या बांधून वर लिहा. मी आळस केला होता. शेवटी सात स्क्रू उरले आणि एक झाकण आजही जरा तिरकं बसतं.

जुनं कार्पेट अख्खं ओढायला जाऊ नका, कंबर धरते. कटरने लांबीला वीतभर रुंदीच्या पट्ट्या पाडा, टोक हीट गनने तापवा, पक्कडीत धरा आणि वर न ओढता मागे, स्वतःच्या दिशेने ओढा. पहिली पट्टी सुटली तेव्हा खालून काय काय निघालं! वाळलेले खवले, शिशाचे दोन गोळे, एक गंजका तिहेरी गळ आणि बादलीभर कुबट वास. मोठे तुकडे मात्र फेकू नका, नवीन कापायला तेच साचे होतात.

उरलेला गोंद गरम करून पुट्टीच्या पत्तीने खरवडायचा. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ग्राइंडर लावू नका, रिव्हेटची डोकी उडतात आणि मग गळती शोधत बसावं लागतं.

इथे थांबून स्क्रूड्रायव्हरने प्लाय टोचून बघा, विशेषतः खुर्चीच्या नळीभोवती आणि झाकणांच्या कडांना. टोक सहज आत गेलं तर वरून कितीही भारी कार्पेट लावा, काही उपयोग नाही. प्लाय बदलायचाच असेल तर आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय घ्या, ३०३ वाला कमर्शियल नको. मात्र शिक्क्यावरही विसंबून राहू नका. पाणी शिरतं ते कापलेल्या कडांतून आणि स्क्रूच्या भोकांतून, म्हणून दोन्ही बाजू, कडा, भोकं, सगळीकडे इपॉक्सी पाजा. वखारीत कोणी ‘वाळवी लागणार नाही’ म्हणून औषध पाजलेलं लाकूड दिलं तर त्यात तांब्याचे क्षार आहेत का ते विचारा. ओलाव्यात तांबं अ‍ॅल्युमिनियम खातं, पत्र्याला बारीक भोकं पडतात. भांडी बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या गावात तांब्याला नावं ठेवायची म्हणजे जिवावर येतं, पण बोटीत ते दूरच बरं.

कार्पेट पॉलिप्रोपिलीनचं घ्या, उन्हात टिकेल असं प्रक्रिया केलेलं. मरीन कार्पेट वजनावर ओळखतात, साधारण चौरस यार्डाला १६ किंवा २० औंस. पायाखाली २० बरं वाटतं, पण झाकणांच्या फटी आधी मोजा, जाड कार्पेट कडांवरून दुमडलं की झाकण बसत नाही. लूप असलेलं अजिबात नको, गळ त्यात असा अडकतो की मासा सुटेल पण गळ सुटणार नाही. लग्नाच्या मांडवात अंथरतात ते पातळ लाल-हिरवं कार्पेट स्वस्त मिळतं. मी तेच आणलं होतं. उन्हात त्याचा भुगा झाला आणि पाणी उपसायच्या पंपात जाऊन बसला. रंग राखाडी घ्या. काळ्यावर एप्रिलमध्ये अनवाणी उभं राहून दाखवा.

गोंदाच्या बाबतीतही मी शहाणपणा केला होता, सुतारकामाचा साधा पांढरा गोंद फासला. पाणी लागल्यावर त्याचं पुन्हा दूध झालं. पाण्याला न विरघळणारा, बाहेरच्या कार्पेटसाठीचा किंवा सनमायका बसवणारे वापरतात तसा रबरवाला गोंद घ्या. रबरवाला दोन्ही बाजूंना लावून, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबून मगच टेकवायचा. एकदा टेकला की हलवता येत नाही, म्हणून मधे कागद ठेवून तो हळूहळू सरकवत जा. मधून कडेकडे लाटण्याने दाबा. कार्पेटच्या केसांची दिशा सगळ्या तुकड्यांना एकच ठेवा, नाहीतर एकाच रोलचे दोन रंग दिसतात.

हवा बघून काम काढा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सकाळचा पारा १० अंशांच्या खाली जातो, तेव्हा गोंद धरत नाही. मेमध्ये पसरवायच्या आत सुकतो. मी फेब्रुवारीत केलं, दुपारी, दारं उघडी ठेवून. तो वास डोक्यात चढतो.

ट्रेलरचं काम त्या मानाने अर्ध्या दिवसाचं. बोट उचलायचा खटाटोप नको, धरणावर गेलात की ती मित्राच्या ताब्यात पाण्यात राहू द्या आणि बांधून तयार ठेवलेल्या नव्या फळ्या तिथेच बोल्टने बसवा. फळीला प्लाय नको, अख्खं सागवान घ्या, सुताराकडे चौकटीचं उरलेलं असतं. बोल्टची डोकी लाकडात खोल बसवा. थर नसलेलं कार्पेट ओढून दोन्ही बाजूंनी खाली वळवा, पण खालचा मधला पट्टा उघडा सोडा, पाणी तिथूनच निथळतं. पिना स्टेनलेसच्या आणि फक्त खालच्या अंगाला. माझ्या आधीच्या फळ्यांना वरून साध्या पिना ठोकल्या होत्या. त्या गंजून उभ्या राहिल्या आणि तळावर चार हात लांब ओरखडे आले.

राहिलं कोण करून देईल ते. गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्यांना कार्पेट ओढून कोपरे मोडायचा चांगला हात असतो, पण बोट बघितली की ते दर दुप्पट सांगतात. डेकच्या फळ्या सोडवून तेवढ्याच घेऊन जा आणि गोंद तुमचा द्या. कशाच्या आहेत असं विचारलं तर मी ‘टेम्पोच्या’ म्हणून सांगतो.