म्यूट केलं तरी घरात ऐकू येतंच

"मॅडम, मंगळवारी आणि शुक्रवारी साडेपाच वाजले की हिच्या पोटात दुखायला लागतं. सहाला गाण्याचा क्लास असतो. बंदच करून टाकू का?"

मुलांची समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला अनेक घरांतून येतो. कधी पेटी असते, कधी तबला, कधी गिटार. लॉकडाउनमध्ये नाइलाजाने सुरू झालेले ऑनलाइन क्लास बऱ्याच ठिकाणी तसेच चालू राहिले. जाण्यायेण्याचा वेळ वाचतो, पावसाची काळजी नाही, दुसऱ्या गावातले चांगले गुरू मिळतात. मग सहा-आठ महिन्यांनी मूल टाळाटाळ करायला लागतं आणि आईबाबांना वाटतं, आवड संपली.

या मुलीला आपण ईशा म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय बारा, डोंबिवलीत वन बीएचके घर, घरात आईबाबा, आजी आणि धाकटा भाऊ. गाण्याच्या बाई पुण्याच्या. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रवेशिका प्रथम ही गाण्याची परीक्षा ती चांगल्या गुणांनी पास झाली होती, आता प्रवेशिका पूर्णची तयारी चालू होती. पोटदुखीसाठी बालरोगतज्ज्ञांना दाखवून झालं होतं, त्यात काही निघालं नव्हतं. (हे आधी करायलाच हवं. मूल नाटक करतंय असं धरून चालू नये. ताणाने दुखणारं पोट खरोखर दुखतं.)

मी आईला विचारलं, "क्लास सोडून एरवी गाते का?"

"बाथरूममध्ये विचारूच नका. बादली भरून वाहते तरी हिचं चालू. आणि क्लासला बसली की घशातून आवाज फुटत नाही."

तिथेच मी आवड संपल्याची शक्यता बाजूला ठेवली. गाणं जिवंत होतं, फक्त त्याला कडी लावलेलं दार लागत होतं.

ईशाशी एकटीशी बोलले तेव्हा पहिली वीस मिनिटं शाळेच्याच गप्पा झाल्या. मग मी क्लासला ती कुठे बसते ते कागदावर काढायला सांगितलं. तिने हॉल काढला. दिवाणावर आजी, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बाबा, स्वयंपाकघराच्या दारात आई, आणि भिंतीला टेकून ती, समोर फोन. स्वतःला तिने सगळ्यांत लहान काढलं होतं. चूक झाली की आई दारातून हाताने "वर, वर" अशी खूण करते. आजी म्हणतात, "कालच्यापेक्षा बरं." बाबा काही बोलत नाहीत, पण त्यांची मीटिंग असली की हेडफोन घट्ट करतात. तेही तिला दिसतं.

"पलटे (सुरांचे सरावाचे क्रम) नीट येत नाहीत तेव्हा मी म्यूट करते, ताई. बाईंना ऐकू येत नाही. पण घरात सगळ्यांना येतंच ना."

हे वाक्य मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं. गाणं शिकणं म्हणजे रोज थोडा वेळ बेसूर होणं. सा पक्का लागेपर्यंत तो शंभरदा ढळतो, खर्जात, म्हणजे खालच्या सुरांत, आवाज खरखरतो, नुसत्या 'आ'मध्ये गाताना श्वास मधेच तुटतो. क्लासला जाणाऱ्या मुलाचं हे सगळं बाईंसमोर आणि आपल्यासारख्याच चुकणाऱ्या चार मुलांसमोर घडतं आणि तिथेच राहतं. घरी येतं ते बसलेलं गाणं. ऑनलाइन क्लासने ईशाची ही जागा काढून घेतली होती. तिची प्रत्येक कच्ची तान ज्यांचं मत तिला सगळ्यांत महत्त्वाचं वाटायचं, त्यांच्यासमोर पडत होती.

दुसरी गोष्ट तिने नंतर, खाली बघत सांगितली. "मी बेताल आहे. बाई टाळी देतात, मी बरोबर समेवर, पहिल्या मात्रेवर, येते, तरी त्या म्हणतात मागे पडतेस."

यावर मला बोलण्यापेक्षा करून दाखवावंसं वाटलं. आईला व्हिडिओ कॉल लावून खाली पार्किंगमध्ये पाठवलं आणि ईशाला म्हटलं, तू इथून त्रितालाच्या मात्रा मोज, आई तुझ्याबरोबर मोजेल. धा धिं धिं धा. आईची टाळी फोनमधून प्रत्येक वेळी उशिरा पडत होती. ईशाचे डोळे मोठे झाले. "आई मागे पडतेय!" मग उलट केलं. आता आई खालून मोजत होती, ईशा तिला धरून, आणि आई ओरडून सांगत होती की तूच मागे आहेस.

हिशेब साधा आहे. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. बाईंचा आवाज इकडे पोचायला आणि ईशाचा तिकडे परत जायला मिळून पाव सेकंद जरी लागला, तरी बाईंना ती अर्धी मात्रा मागे ऐकू येणार. मुलगी तालात असते, तिची टाळी वाटेत असते. बाराव्या वर्षी "मी बेताल आहे" हे मनात बसलं की काढायला फार कष्ट पडतात, म्हणून मी यावर पूर्ण सत्र घालवलं आणि मला त्याचं समाधान आहे.

घरच्यांची परवानगी घेऊन बाईंशी फोनवर बोलले. त्या ऐकून गप्पच झाल्या, मग म्हणाल्या, "मला वाटायचं ही रियाज करत नाही." पुढचे बदल बरेचसे त्यांनीच सुचवले. ताल बाईंनी धरायचा नाही. ठेका, म्हणजे तालाचे तबल्यावरचे बोल, ईशाच्या बाजूला, जुन्या फोनवर लावायचा, म्हणजे ठेका आणि गळा एकत्रच पुण्याला पोचतात. व्हिडिओ कॉलची ॲप तानपुऱ्याच्या सलग नादाला पंख्याची घरघर समजून दाबून टाकतात, त्यामुळे झूममधला 'ओरिजिनल साउंड' चालू करायचा. आणि ईशाने एका कानात वायरचा इयरफोन घालायचा. दुसरा कान स्वतःच्या आवाजासाठी आणि तानपुऱ्यासाठी मोकळा. यात मला आवडलेली गोष्ट अशी की बाईंचं चूक दाखवणं आता फक्त ईशाच्या कानात जाणार होतं.

घराचं काम जास्त अवघड होतं. मी एक महिना मागितला. क्लासच्या पाऊण तासात हॉल ईशाचा. बाबा लॅपटॉप घेऊन बेडरूममध्ये, आई आणि आजी भावाला घेऊन खाली बागेत. आणि महिनाभर तिच्या गाण्यावर कुणी काही बोलायचं नाही, कौतुकसुद्धा नाही. आईला हे जड गेलं. "मी बसले नाही तर ती फोनवर खेळत बसेल." बसेलही एखाद्या दिवशी, मी म्हटलं, ते बाई बघतील. आणि नोव्हेंबरच्या परीक्षेचं काय? ती पुढच्या सत्राला दिली तर काहीही बिघडत नाही.

आजी दुखावल्या. "मी वाईट का बोलते तिला?" अजिबात नाही, त्यांचा जीव होता नातीवर. मी त्यांना विचारलं, तुम्ही कधी गायलात का? वाईजवळच्या गावात लहानपणी भजनाच्या पेटीवर त्या स्वर शिकल्या होत्या. घरी कुठे गायचात?

"गोठ्यात," आजी म्हणाल्या. "माजघरात सगळी माणसं. गोठ्यात गाय होती, ती काही बोलत नाही." आणि मग त्या थांबल्या. सुनेकडे बघून म्हणाल्या, "सहा वाजता मला खाली घेऊन जात जा."

पहिल्या आठवड्यात पोटात दुखलंच. तिसऱ्या आठवड्यात एका शुक्रवारी दुखलं नाही. पुढच्या मंगळवारी नेट गेलं, क्लास अर्ध्यावर तुटला आणि ईशा चिडली. तिच्या आईने मला हे काळजीने सांगितलं, मी मात्र मनातून आनंदले. नको असलेला क्लास तुटला म्हणून कुणी चिडत नाही.

सगळ्याच मुलांचं असं निघत नाही. काहींना खरंच तबला नको असतो, क्रिकेट हवं असतं, आणि त्यांचं ऐकायला हवं. म्हणून मी आधी बाथरूमचं विचारते. मूल कुणी सांगितलेलं नसताना गुणगुणत असेल, पाटीवर बोटं वाजवत असेल, तर क्लास बंद करण्याआधी तो घरात कुठे चालतो आणि त्या वेळी तिथे कोण कोण असतं हे एकदा बघा.

ईशाच्या बाईंनी दोन महिन्यांतून एकदा पुण्याला समोरासमोर शिकवायचं ठरवलं. ईशा आणि आई पहिल्यांदा गेल्या तेव्हा दुर्गा रागाची बंदिश ईशा आणि बाई दोघींनी एकत्र म्हटली, फोनवर हे कधीच जमलं नव्हतं. दोघी एकाच क्षणी समेवर आल्या तेव्हा ईशा हसली, असं बाईंनी मला कळवलं. आई त्या वेळी बाहेर व्हरांड्यात बसली होती. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं.