सारखीच जमीन असूनही शेतकरी कुटुंबांच्या उत्पन्नात एवढी तफावत का असते?

तुम्ही विचारलंय की एकाच गावात, तेवढीच जमीन असलेल्या दोन घरांत एवढा फरक कसा पडतो. माझ्या मते त्याचं उत्तर शेतापेक्षा शेताबाहेर जास्त सापडतं.

आमचंच सांगतो. लातूर जिल्ह्यात आमचं गाव. वाटणीत वडिलांना पाच एकर, चुलत्यांना पाच एकर, मध्ये एकच धुरा. माती तीच, पाऊस तोच, दोन्हीकडे सोयाबीन. चुलत्यांचा थोरला शिक्षक झाला आणि त्याच्या पगारावर त्यांनी बोअर घेतलं. पहिलं कोरडं गेलं, दुसऱ्याला पाणी लागलं. आम्ही बोअर घेतलंच नाही, कारण पहिलं कोरडं गेलं असतं तर दुसऱ्याची ऐपत नव्हती. मग त्यांचा रब्बीचा हरभरा पाण्यावर, आमचा नशिबावर.

विक्रीचंही तसंच. मळणी झाली की दोन दिवसांत आमची पोती आडतीवर. कृषी केंद्राची बी-खताची उधारी थकलेली, दिवाळी तोंडावर. व्यापारी दाणे दाताखाली धरायचा, ‘ओलावा आहे’ म्हणायचा आणि भाव पाडायचा. आठवडाभर ऊन दाखवलं की माल वाळतो हे वडिलांना ठाऊक होतं, पण तो आठवडा थांबायलाही हातात पैसा लागतो. चुलत्यांची पोती संक्रांतीपर्यंत घरात असायची. भाव दरवर्षी चढतोच असं नाही, पण कधी विकायचं हे त्यांच्या हातात होतं.

राष्ट्रीय नमुना पाहणीत २०१२-१३ साली शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न ६,४२६ रुपये होतं, त्यातले ३,०८१ पिकांचे. २०१८-१९ साली ते १०,२१८ झालं. पिकांचे ३,७९८, मजुरी-पगाराचे ४,०६३. मला यात खटकतं ते हे, की आईची खुरपणीची मजुरी आणि चुलतभावाचा पगार एकाच रकान्यात बसतात. खुरपणी पावसावर अवलंबून, पगार एक तारखेला. तफावत इथूनच फुटते.

आम्हाला सावरलं ते बचत गटाच्या कर्जातून घेतलेल्या म्हशीनं. दर दहा दिवसांनी डेअरीचे पैसे यायचे, किराण्याची उधारी थांबली.

आता आमची पाच एकर गावातलंच एक भूमिहीन कुटुंब बटईनं करतं. सातबारा वडिलांच्या नावावर, म्हणून किसान सन्मानचे वर्षाचे ६,००० त्यांच्या खात्यात येतात. पीक बुडालं तर मात्र अर्धं नुकसान त्या घराचं.