जाडी मोजायचा मायक्रोमीटर पूर्ण बंद केल्यावर शून्याऐवजी ०.०१ मिमी दाखवतो. तो स्वतः जुळवता येईल का?

होय, ०-२५ मिमीच्या मायक्रोमीटरमधली एवढी शून्यत्रुटी पेटीतल्या चावीने स्वतः काढता येते. मात्र चावी हाती घेण्यापूर्वी दोन्ही मापनपृष्ठांमध्ये स्वच्छ कागद हलकेच धरून ओढून काढावा आणि रॅचेट (टोकाची टिकटिक करणारी घुंडी) फिरवून रीडिंग पुन्हा घ्यावे, कारण पुष्कळदा ही ‘त्रुटी’ म्हणजे तेलाचा थर किंवा धातूचा बारीक कीस एवढीच असते. तरीही फरक उरला, तर स्पिंडल (पुढे-मागे सरकणारा दांडा) लॉक करावा, चावीचे टोक स्लीव्हच्या (मिमीच्या खुणा असलेल्या स्थिर नळीच्या) मागच्या छिद्रात अडकवावे आणि स्लीव्हवरची आडवी रेघ थिंबलच्या (तिच्यावर फिरणाऱ्या बाहेरच्या नळीच्या) शून्यासमोर येईपर्यंत स्लीव्ह किंचित फिरवावी. मग लॉक सोडून पुन्हा तपासावे. स्क्रूचा पिच (एका फेऱ्यात सरकणारे अंतर) ०.५ मिमी आणि थिंबलवर ५० भाग असल्याने एक भाग ०.०१ मिमीचा असतो. फरक याहून मोठा असेल, तर रॅचेट सैल करून थिंबलचीच जागा बदलावी लागते.

शून्य जुळले म्हणजे पुढची मापे बरोबर येतीलच असे मात्र नाही. स्क्रूची झीज पाहण्यासाठी ५.१, १०.३, १२.९ मिमी अशा स्लिप गेजवर (अचूक जाडीच्या ठोकळ्यांवर) तपासावे. ५, १०, १५ वर थिंबल दर वेळी त्याच शून्यावर थांबते आणि एका फेऱ्यातला दोष लपून राहतो. ठेवताना मापनपृष्ठांमध्ये थोडी फट ठेवावी व लॉक मोकळा असावा.