वर्णी लागते; ती कोणी पटकावत नाही

नेरूळच्या एका वाचकाने दोन प्रश्न विचारले आहेत. त्यांचा मुलगा आणि त्याचे मित्र मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडमधल्या फुटबॉल संघाचे कट्टर चाहते आहेत आणि संघाचा पुढचा मॅनेजर कोण असावा, यावरून त्यांच्या घरी रोज रात्री वाद रंगतात. अशाच एका वादात मुलाने मोबाइलवरची एक मराठी बातमी मोठ्याने वाचली : 'मॅनेजरपदाची वर्णी पटकावण्यासाठी दिग्गजांत चुरस'. वडिलांच्या कानाला ते खटकले, परंतु का खटकले हे त्यांना सांगता येईना. तेव्हा 'वर्णी' म्हणजे नेमके काय आणि तिच्याबरोबर कोणते क्रियापद चालते, हा त्यांचा पहिला प्रश्न. मॅनेजरला मराठीत 'व्यवस्थापक' म्हणावे की 'प्रशिक्षक', हा दुसरा.

एखाद्या जागी नेमणूक होणे हा 'वर्णी लागणे'चा अर्थ सर्वांना ठाऊक आहे, त्यावर शाई खर्च करत नाही. खटकण्याचे कारण मात्र सांगण्यासारखे आहे, आणि खटकणारे ते एकटे नाहीत. 'वर्णी पटकावली', 'वर्णी मिळवली', 'वर्णीवर दावा ठोकला', एवढेच काय 'वर्णी मारली' असेही मी ऐकले आहे. वर्णी म्हणजे जणू ढाल आहे, चषक आहे किंवा लोकलमधली खिडकीजवळची जागा आहे. ज्याची वर्णी लागते त्याच्या हातात त्या क्षणी काहीही नसते, ही गोष्ट या शब्दाच्या पोटातच दडलेली आहे आणि नेमकी तीच ही क्रियापदे पुसून टाकतात.

मागे घणसोलीत एका नातेवाइकांच्या नव्या घराची वास्तुशांत होती. चार गुरुजी आले होते. संकल्प झाल्यावर यजमानांनी मुख्य गुरुजींच्या हातावर अक्षता आणि सुपारी ठेवली, गुरुजींनीच सांगितलेले शब्द त्यांच्यामागून अडखळत म्हटले, 'आचार्यं त्वां वृणे', म्हणजे 'आचार्य म्हणून मी तुम्हांला निवडतो', आणि शेजारी घडी घालून ठेवलेले उपरणे त्यांच्या हाती दिले. गुरुजी उत्तरले, 'वृतोऽस्मि'. 'मी निवडला गेलो आहे.' सारा विधी अर्ध्या मिनिटाचा. पाहुणे तेव्हा डोशाची चौकशी करत होते. मी मात्र जागच्या जागी हरखून गेलो, कारण आमच्या 'वर्णी'चे जन्मस्थान डोळ्यांसमोर उभे होते. या विधीला 'वरण' म्हणतात. यज्ञासाठी ऋत्विज म्हणजे यज्ञ करणारे पुरोहित निवडायचे ते ऋत्विग्वरण, अनुष्ठानाला ब्राह्मण बसवायचे तर त्यांचेही आधी वरण, आणि अनुष्ठानावरच्या या नेमणुकीला मराठीत वर्णी म्हणू लागले. अनुष्ठान म्हटले की जेवण आले, दक्षिणा आली, मोजक्या जागा आल्या. म्हणजे वशिलाही आला असणार. आज मंत्रिमंडळात किंवा महामंडळावर कोणाची 'वर्णी लागली' असे म्हणताना आपल्या स्वरात जो किंचित तिरकसपणा येतो, त्याचे मूळ त्या पंगतीत असावे, असा माझा तर्क आहे.

आता व्याकरणाकडे पाहा. निवडणारा कर्तरी बोलतो, 'वृणे'. निवडला जाणारा कर्मणी बोलतो, 'वृतोऽस्मि'. त्याला 'मी ही जागा पटकावली' असे म्हणण्याची सोयच त्या संवादात नाही. मराठीने संस्कृतातला तो प्रयोग घेतला नाही, पण त्यातला भाव 'लागणे' या क्रियापदात अचूक पकडला. भूक लागते, झोप लागते, नंबर लागतो, तशीच वर्णी लागते. दुसऱ्याने मुद्दाम नेमले असेल तर तो 'वर्णी लावतो'. स्वतः खटपट करून, चार दारे ठोठावून जागा पदरात पाडून घेतली असेल, तर 'त्याने आपली वर्णी लावून घेतली' असे म्हणावे. त्या 'लावून घेतली'मध्ये सारी लाज निघते. एवढी सूक्ष्म सोय हाताशी असताना 'पटकावली' कशाला हवे, हे मला आजवर कळलेले नाही.

ठाण्यातल्या एका व्याख्यानात एका विद्वानांनी 'वर्णी'चा संबंध 'वर्ण' या शब्दाशी जोडला होता : ज्याची त्याची जात बघून नेमणूक, म्हणून वर्णी. टाळ्या भरपूर पडल्या. व्युत्पत्ती तेवढी पडली नाही, कारण ती उभीच नव्हती. त्यांनी आधार दिला तो संस्कृतातल्या 'वर्णी'चा. संस्कृतात तसा शब्द आहे, हे खरेच. 'कुमारसंभवा'च्या पाचव्या सर्गात पार्वतीची परीक्षा पाहण्यासाठी बटूच्या वेषात आलेल्या शंकराला कालिदासाने 'वर्णी' म्हटले आहे. परंतु तो वर्णी म्हणजे ब्रह्मचारी, आणि तो पुल्लिंगी आहे. आपली वर्णी स्त्रीलिंगी आहे. ब्रह्मचाऱ्याला मॅनेजरपदाच्या बातमीत बसवायचे आणि वर त्याचे लिंगही बदलायचे, एवढे धाडस विद्वत्तेलाच परवडते.

खरी गंमत उच्चाराची आहे. पेरणे-पेरणी, करणे-करणी, भरणे-भरणी, त्याच चालीने वरणे-वरणी. आपण 'करणी' लिहितो आणि 'कर्णी' म्हणतो, 'भरणी' लिहितो आणि 'भर्णी' म्हणतो. मधला अकार मराठी जीभ गिळून टाकते. बाकीच्या शब्दांत लेखनाने तो जपला. 'वरणी'चे मात्र लेखनही उच्चारामागे गेले, रफार डोक्यावर चढला आणि त्या एका रफारामुळे शब्द 'वर्णा'च्या घरचा वाटू लागला. रफार उतरवून 'वरणी' असे लिहून पाहा. वर, वरमाला, स्वयंवर, वरेण्य ही सगळी भावंडे ताबडतोब ओळख देतात. नवरदेव हा 'वर' का, तर तो वरला गेलेला म्हणून. ताटातल्या वरणाची 'वरान्न' म्हणजे निवडक, श्रेष्ठ अन्न अशी एक व्युत्पत्ती सांगतात. ती मान्य केली तर वरणभातही याच कुळातला ठरेल. तो मोह मी आवरतो. ('आवरतो'मधला 'वृ' मात्र दुसरा, तो झाकणारा, अडवणारा, आवरण आणि निवारण यांचा. या दोन 'वृ'ची गल्लत करणाऱ्यांवर स्वतंत्रपणे लिहावे लागेल.)

वाचकांच्या मुलाला हे सारे पटवायचे असेल, तर उदाहरण त्याच्याच संघाचे द्यावे. त्याहून नेमके उदाहरण मला ठाऊक नाही. सर ॲलेक्स फर्ग्युसन 1986 पासून 2013 पर्यंत मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर होते आणि त्या काळात संघाने 38 करंडक जिंकले. निवृत्त होताना त्यांनी आपल्या जागी डेव्हिड मॉयस यांचे नाव सुचवले, क्लबने ते मान्य केले आणि सहा वर्षांचा करार झाला. ओल्ड ट्रॅफर्ड या युनायटेडच्या मैदानाच्या प्रेक्षागारात चाहत्यांनी मॉयस यांच्या चेहऱ्याचा एक प्रचंड फलक लावला. त्यावर इंग्रजीत 'द चोझन वन' असे लिहिले होते. म्हणजे काय? म्हणजे 'वृत'. गुरुजींचे 'वृतोऽस्मि' अक्षरशः त्या भिंतीवर टांगलेले होते, फक्त ते मॉयस यांनी स्वतः म्हटले नव्हते, लोकांनी त्यांच्या वतीने म्हटले होते. मार्च 2014 मध्ये ॲस्टन व्हिलाविरुद्धच्या सामन्याच्या वेळी मैदानावरून एक छोटे विमान गेले आणि त्याच्यामागे फडकणाऱ्या कापडावर 'राँग वन' लिहून मॉयस यांना घालवण्याची मागणी केलेली होती. एप्रिलमध्ये, दहा महिन्यांतच, सहा वर्षांचा करार आटोपला. मॉयस यांची वर्णी लागली होती. त्यांनी काही पटकावले नव्हते, आणि म्हणूनच ती गेली तेव्हा त्यांच्या हातून निसटण्यासारखेही काही नव्हते.

याच फलकावरून ठाणे-नेरूळ लोकलमध्ये लाल जर्सी घातलेल्या चार मुलांचे बोलणे माझ्या कानावर पडले होते. एकाने 'चोझन वन'चे मराठी केले 'निवडून आलेला'. माझ्या अंगावर काटा आला. निवडून येतो तो नगरसेवक. बार्सिलोना आणि रिआल माद्रिद या स्पेनमधल्या क्लबांचे सभासद मतदान करतात हे खरे, पण ते अध्यक्षासाठी. मॅनेजर तिथेही नेमलाच जातो. म्हणजे सभासद फार तर यजमान निवडतात. आचार्याच्या हातावर सुपारी ठेवण्याचा अधिकार यजमानाचाच.

त्या चौघांचा पुढच्या मॅनेजरविषयीचा वाद ऐरोलीला सुरू झाला तो जुईनगरपर्यंत चालला, आणि ते करत होते त्या क्रियेला मात्र 'निवडणे' हाच शब्द योग्य होता. एकाला झिदान हवा होता, कारण त्याने रिआलला 2016 ते 2018 अशी सलग तीन वर्षे चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धा जिंकून दिली. दुसऱ्याने त्याला इंग्लंडमधल्या क्लबचा अनुभव नाही म्हणून बाजूला काढले. तिसऱ्याला 'घरचा माणूस', म्हणजे युनायटेडचाच जुना खेळाडू, हवा होता. चौथ्याने त्याला सोल्शायरची आठवण करून दिली. डिसेंबर 2018 मध्ये हंगामी म्हणून आलेला, तीन महिन्यांत कायम झालेला आणि नोव्हेंबर 2021 मध्ये गेलेला हा घरचाच माणूस होता. आपण तांदूळ निवडतो म्हणजे काय करतो? खडा काढतो, कोंडा काढतो, भात काढतो, आणि उरते ते घेतो. निवडणे ही वगळण्याची क्रिया आहे, वरणे ही स्वीकारण्याची. चाहते निवडतात, मालक वरतो. जुईनगर येईपर्यंत त्या मुलांच्या सुपात एकही दाणा उरला नव्हता.

'नियुक्ती' आणि 'नेमणूक' हेही शब्द बातम्यांत येतात आणि त्यांना हरकत नाही. नेमणुकीत नियम आहे. नियुक्तीत 'युज्' धातू आहे, म्हणजे जोडणे, जुंपणे. बैलाच्या मानेवरचे जू त्याच धातूचे. पुढे जो 'हकालपट्टी' हा शब्द येतो तोही गुराढोरांच्या हाकाटीतला. जुंपायचे आणि हाकलायचे, असा हा व्यवहार असल्यामुळे फुटबॉलच्या मॅनेजरांना नियुक्ती हा शब्द फारच शोभतो, परंतु त्यात सुपारी नाही, अक्षता नाहीत आणि उपरणे नाही. वर्णीत ते आहे. नव्या मॅनेजरचे पहिले छायाचित्र आठवून पाहा : मैदानाच्या कडेला उभा, आणि दोन्ही हातांत क्लबच्या रंगाचा स्कार्फ उंच धरलेला. वरणाच्या वेळी आचार्याला वस्त्र देतात, ते हेच. घणसोलीतल्या गुरुजींच्या हाती उपरणे आले, तेव्हा मला तो स्कार्फच दिसला, आणि तेव्हापासून मला असा कोणताही फोटो 'वृतोऽस्मि' ऐकल्याशिवाय पाहता येत नाही.

एवढ्यावर थांबावे, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. श्रौत यज्ञात ज्यांचे वरण होते त्यांत चार ऋत्विज मुख्य : होता, अध्वर्यू, उद्गाता आणि ब्रह्मा. होता ऋचा म्हणतो, उद्गाता साम गातो, अध्वर्यू प्रत्यक्ष हालचाल करतो, आहुती देतो, पात्रे हलवतो. ब्रह्मा जवळजवळ काहीच करत नाही. तो दक्षिणेकडे बसतो, गप्प राहतो, साऱ्या कर्मावर नजर ठेवतो आणि कोणाची चूक झाली, तर प्रायश्चित्त सांगून ती सावरतो. बाजूरेषेबाहेर आखलेल्या चौकटीत हाताची घडी घालून उभा असलेला, स्वतः चेंडूला पाय न लावणारा आणि तरीही सगळ्या दोषांचा धनी असलेला मनुष्य यापेक्षा वेगळा काय असतो? मॅनेजर हा ब्रह्मा आहे. मैदानात धावणारे अध्वर्यू अकरा आहेत, एवढाच फरक. चाहत्यांमध्ये होत्यांची आणि उद्गात्यांची उणीव कधी नसतेच.

दुसरा प्रश्न राहिला. मॅनेजरला 'ब्रह्मा' म्हणा असे मी सुचवणार नाही, ठाण्यात हसतील. 'व्यवस्थापक' हा शब्द मंगल कार्यालयाच्या दाराशी पावतीपुस्तक घेऊन बसलेल्या गृहस्थांना उत्तम बसतो. 'प्रशिक्षक' हा सराव घेणारा. इंग्लंडमध्ये परंपरेने मॅनेजरकडे खेळाडू घेण्या-सोडण्याचाही अधिकार असे, म्हणून तिथे दोन वेगळे शब्द पडले. आता तिकडेही पुष्कळ क्लब 'मुख्य प्रशिक्षक' नेमतात. आपल्या नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 2014 साली मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचे सामने झाले, तेव्हा पीटर रीड यांना मुख्य प्रशिक्षक म्हणत आणि ते योग्यच होते. क्लबने पदाला जे नाव दिले असेल ते पाळावे. मॅनेजर असेल तर सरळ 'मॅनेजर' लिहावे, तो शब्द आता मराठीच आहे.

मुलाने वाचलेली बातमी अशी हवी होती : 'मॅनेजरपदी कोणाची वर्णी लागणार?' चुरस ठेवायचीच असेल तर ती 'पदासाठी' ठेवावी, वर्णीसाठी नव्हे. आणि 'वर्णी पटकावली' असे त्याने पुन्हा म्हटलेच, तर त्याच्या हातावर एक सुपारी ठेवून 'वृतोऽस्मि' म्हणायला लावावे.